दुसऱ्या ठिकाणी चालू आहे

निमगाव सावा,
गुरुवार, दुपार

प्रिय हर्षाली,

अक्षर ओळखलं असशीलच. डेअरीच्या फळ्यावर सूचना लिहून लिहून ते अजून तसंच ताठ राहिलंय, माझ्यासारखं. तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम चार पानं, म्हणून घाबरू नकोस. घरी सगळं बरं आहे. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र व्यवस्थित चालतं. रविवारी माझ्या हातून टीव्हीच्या बाबतीत एक चूक झाली आणि तिचा त्रास तुझ्या घरापर्यंत पोचला, हे मला कळलंय. ती कशी झाली ते सांगतो. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुला खोड आहे, तेवढं आज करू नकोस.

तू पहिल्या पगारातून आणलेला टीव्ही अजून त्याच भिंतीवर आहे. तू होतीस तोवर तो बिघडतो हेच मला ठाऊक नव्हतं. चित्र अडकलं की मी तुझ्या नावानं ओरडायचो आणि तू येऊन काहीतरी करायचीस. तू गेल्यावर कळलं, हे जनावर रोज काहीतरी मागतं. वायफायची पेटी मी लोखंडी कपाटावर पितळी हंड्यामागे ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून, आणि सहा महिने पडद्यावरचं ते गोल चक्र बघत कंपनीला शिव्या देत होतो. शेवटी गावात वायर टाकणारा सुनील आला. म्हणाला, आण्णा, लोखंड आन पितळंच्या मदी कोंडल्यावर ती बिचारी काय करील. पेटी उघड्यावर मांडली आणि चित्र पळायला लागलं. मग लाईट जाऊन आली की टीव्हीची तारीखच मागे जायची. तारीख चुकली की आतलं काही उघडत नाही, हे मात्र मी स्वतः शोधून काढलं. चार दिवस गेले त्यात, पण काढलं. आता गावात कुणाचा टीव्ही अडला की मला बोलावणं येतं. आधी पेटी बंद करून दहा आकडे मोजायचे, मग टीव्ही भिंतीच्या बटणावरून बंद करून चालू करायचा, मग तारीख बघायची, तरी नाही झालं तर आत साठलेला कचरा साफ करायचा. लोक चहा पाजतात. तुझी आई म्हणते, म्हातारपणी का होईना, कामाला लागलात.

एक बिघाड मात्र मी कधीच दुरुस्त केला नाही. टीव्हीवर सगळं बघायचं आपलं जे खातं आहे, ते एका वेळी एकाच ठिकाणी चालतं. दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी बातम्या लावायला गेलो तर पडद्यावर पाटी आली की हे खातं दुसऱ्या ठिकाणी चालू आहे. पेटी बंद केली, दहा आकडे मोजले, तारीख बघितली. पाटी हलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. मग डोक्यात उजेड पडला. खातं माझ्या मोबाईल नंबरावर असलं तरी उघडलं होतंस तू. सुरुवातीला 'कोण बघतंय' म्हणून जे पान येतं, त्यावर दोन चौकोन होते, आण्णा आणि हर्षाली. तुझा चौकोन मी तोवर कधी उघडला नव्हता, तो उघडला. कुठली तरी कोरियन मालिका, घरी पाव कसा भाजायचा त्याचे कार्यक्रम, सगळं कालपरवाचं. मी तिथंच खाटेवर बसलो. अगं, तू सुखरूप होतीस. घोडेगावच्या घरात चहा घेऊन निवांत टेकत होतीस आणि लोकांचे पाव भाजलेले बघत होतीस.

त्या दिवसापासून पाटी आली की मी मुकाट्यानं टीव्ही बंद करायचो. आई कुरकुरायची की रोज संध्याकाळी कसलं नेट जातं. मी सुनीलच्या नावावर खपवायचो. आणखी एक कबूल करतो, हसू नकोस. दुपारी तुझी ती कोरियन मालिका मीही बघायला लागलो. एक अक्षर समजत नाही, खाली मराठी येत नाही, तरी त्या पोरीचा सासरा लई हट्टी आहे एवढं कळलं. बघून झालं की तू जिथं थांबली होतीस तिथं परत नेऊन ठेवायचो, अगदी मिनिटावर. तुला कळू नये म्हणून. रिमोटनं ते जमायला आठवडा लागला.

तीन वर्षांपूर्वीचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण ते टाळून पुढचं सांगता येत नाही. गोकुळचे वडील सावळाराम आहुप्याहून दोन गाड्या बदलून तुला मागणी घालायला आपल्या दारात आले होते, पिशवीत हातसडीचा तांदूळ घेऊन. मी गावाचं नाव ऐकलं, जात ऐकली आणि पुढचं काही ऐकलंच नाही. पोरगा मास्तर आहे, निर्व्यसनी आहे, तुझं मन आहे, हे सगळं त्या माणसानं उभ्यानंच सांगितलं, कारण मी बसाही म्हणालो नाही. ओसरीत भावकीतला रामनाथ बसलेला होता ना. तो काय म्हणेल, उद्या डेअरीत काय बोलतील, माझं सगळं ध्यान तिकडं. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत पाठवणारा आपल्या घरात मीच पहिला. तू कोर्टात लग्न केलंस तेव्हा मी जे बोललो ते पुन्हा लिहायची माझी छाती नाही. तुला ते पाठ असेल.

नंतर गेल्या उन्हाळ्यात तुझी आई बेल्ह्याला मावशीकडे म्हणून बारा दिवस गेली. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणे. मोतीबिंदूला डबाभर डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा कशाला लागतात, हे मी विचारलं नाही, कारण तुझं नाव या घरात काढायचं नाही हा हुकूम माझाच होता. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा फुललेला की मी दुसरीकडे बघितलं. मुलगा की मुलगी, एवढं एक विचारायला जीभ वळवळली. पण मी मूग गिळून बसलो, आणि तीही तुझीच आई, तिनं आपणहून सांगितलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी टीव्ही लावला तर 'कोण बघतंय'च्या पानावर तिसरा चौकोन. पिवळा, बदकाचं तोंड असलेला. खाली लिहिलं होतं, शौर्य.

मला नातू झाला आणि त्याचं नाव शौर्य आहे, हे मला टीव्हीनं सांगितलं. पडदा आपोआप काळा झाला, पुन्हा लावला, पुन्हा नाव वाचलं. आधी वाटलं, लहान मुलांचं वेगळं राहावं म्हणून तू केलं असशील. आता मनात येतं की हे नाव मलाही दिसणार हे तुला ठाऊक होतं. तेच तुझं पत्र होतं का गं? तसं असेल तर मी आठ महिने उत्तर न देता नुसतं वाचत राहिलो. तो रोज ते बदकाचं गाणं बघतो. मीही बघतो. मला पाठ झालंय.

आता रविवार. पेटीचा दिवा सकाळपासून लाल होता. सुनीलला बोलावलं, तर माळ्यावर उंदरानं वायर कुरतडलेली निघाली. त्यानं ती जोडेपर्यंत रामनाथ येऊन बसला, त्याला कुस्त्या बघायच्या होत्या. नेट आलं, टीव्ही लावला आणि नेमकी ती पाटी. मी म्हणालो, राहू दे, होईल थोड्या वेळानं. पण सुनील पोरगा कामाचा. त्यानं रिमोट घेतला आणि कुठल्या कुठल्या पानांवर जाऊन दाखवलं की घोडेगावात एका टीव्हीवर आपलं खातं चालू आहे. तुमच्या जिवावर कुनीतरी बघतंय आण्णा, म्हणाला. रामनाथ हसला, कोन फुकट्या हाय बघा तरी, म्हणाला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर प्रश्न आला होता, सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढायचं का, हो की नाही. सुनीलनं रिमोट माझ्या हातात दिला, खातं तुमचं, तुमीच दाबा.

मी 'हो' दाबलं. पासवर्डही बदलला. चित्र आलं, एकदम स्वच्छ. रामनाथनं मांडी ठोकली. आई आत गेली आणि तिनं त्या दिवशी चहा केला नाही.

त्या दिवसापासून पाटी येत नाही. संध्याकाळी टीव्ही लावला की लगेच लागतो, हव्या त्या बातम्या दिसतात आणि मला त्या सोसत नाहीत. तिन्ही चौकोन जागेवर आहेत, पण तुमच्या दोघांच्या चौकोनात रविवारच्या पुढे काही सरकलेलं नाही. बदक अर्ध्या गाण्यात थांबलंय. काल तुझ्या आईला म्हणालो, हर्षालीशी तू बोलतेस हे मला माहीत आहे, तूच तिला नवा पासवर्ड सांग. तिनं हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं. म्हणाली, सोमवारी फोन आला होता, पोरीनं एकच विचारलं, आण्णांनीच काढलं का? मी हो म्हणाले. मग तिनं फोन ठेवला. एवढं सांगून आई मला म्हणाली, "तुमच्याच बोटानं काढलंत. आता तुमच्याच तोंडानं सांगा. मी मधी पडणार न्हाई."

चूल सोडून एवढा वेळ माझ्यासमोर ती कधी बसली नव्हती.

घोडेगाव,
शुक्रवार

वरचं घरी लिहिलं. हे स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत बसून लिहितोय. गेल्या वर्षभरात तीन वेळा तुझ्याकडे यायला म्हणून निघालो आणि तिन्ही वेळा मंचरवरून गाडी माघारी वळवली. आईला सांगितलं, बाजार बघून आलो. आज वळवली नाही. त्याचं कारण सकाळी डेअरीवर घडलं. दूध घालायला नेहमीची पंधरावीस माणसं होती. मी रामनाथजवळ गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "रविवारी तू ज्याला फुकट्या म्हणालास ती माझी हर्षाली होती. टीव्ही तिचाच आहे. आणि शौर्य माझा नातू आहे." मला वाटलं आता आभाळ कोसळणार. रामनाथनं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "नातवाचं आमाला माहीत हाय की आण्णा. तुमीच कधी विषय काढू दिला न्हाई." दुसऱ्या कुणी मान वर करूनही बघितलं नाही, दुधाची फॅट मोजणं चाललं होतं. ज्या लोकांच्या भीतीनं मी तुला गमावून बसलो, त्यांना माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती, हर्षाली.

वर मी 'चूक' असं लिहिलंय, ते खोड. चूक नकळत होते. घोडेगावातला तो टीव्ही कुणाचा आहे, त्याच्यासमोर कोण बसलंय आणि कुठलं गाणं लागलंय, हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. रामनाथसमोर माझी मुलगी आहे म्हणायची लाज वाटली, म्हणून मी बटण दाबलं. एकदा घरातून काढलं होतं, तेव्हाही कारण हेच. मी चुकलो, तुझ्याशी, गोकुळशी, त्याच्या वडलांशी. हे सांगायला हे पत्र लिहिलं, पासवर्ड हे निमित्त. तो या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलाय. आधी मनात होतं की लिहायचाच नाही, म्हणजे तुला मला विचारावं लागेल. पण अटी घालून घालूनच मी इथवर आलोय. तू भेटलीस तरी तो तुझा, नाही भेटलीस तरी तुझाच. शाळा सुटली की हे पत्र गोकुळच्या हातात देणार आहे. त्याला काय म्हणून हाक मारायची ते अजून सुचत नाहीये, पण मारीन. आणि दिवेलागणीपर्यंत इथंच बाकावर बसेन. तुझं मन झालं नाही तर मी रागावणार नाही, तो हक्क मी घालवलाय. झालं तर ये, आणि जमलं तर त्याला कडेवर घेऊन ये. मी त्याचं अजून फक्त नावच बघितलंय.

तू म्हणशील तर तुझाच,
आण्णा