लस मिळालीच पाहिजे (अध्यक्ष: मी)

सोमवार, ७ जुलै. सकाळी.
किळस आली आहे. सरकारची, समाजाची आणि थोडी कालच्या मीटिंगमधल्या समोशांचीही. कंधारकडच्या सरकारी दवाखान्यांत कुत्रं चावल्यावरची लस संपून महिना होत आला. आणि नांदेडचे आम्ही डॉक्टर एसीत बसून हळहळतो. छी.
म्हणून काल 'लस मिळालीच पाहिजे' समिती स्थापन केली. अध्यक्ष एकमताने मी. नाव मीच सुचवलं, पण विरोध कुणीच केला नाही. दोघे फोनवर होते, एक हात धुवायला गेला होता.
संकल्प: आजपासून अर्धा दिवस क्लिनिक, अर्धा दिवस जनता.

मंगळवार, ८ जुलै.
पूर्ण दिवस क्लिनिक. पेशंटच इतके. जनता उद्यापासून.
फरीदाचा फोन. ही माझ्याच हाताखाली शिकलेली. आता कंधारकडच्याच पांगरवाडीच्या सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर. म्हणाली, "सर, समिती केली ते बरं झालं. लातूरला आरोग्य खात्याच्या साहेबांकडे कधी जायचं?" मी म्हणालो, आधी वातावरणनिर्मिती. ती म्हणाली, "आज परत तिघांना चावलंय, सर." पोरगी हुशार आहे, पण व्हिजन नाही.

गुरुवार, १० जुलै.
बॅनर आला. माझा फोटो अप्रतिम. फोटो मोठा घेतल्यामुळे मागणीला जागा कमी पडली, ती खाली कोपऱ्यात गेली. फरीदा म्हणाली, "सर, कुठली लस तेच लिहिलेलं नाही." मी म्हणालो, उत्सुकता राहू दे.
उज्वलाने बॅनर पाहिला आणि दचकली. म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं श्रद्धांजलीचा आहे." बावीस वर्षं संसार करून या बाईला माझ्या कार्याची किंमत नाही.

मंगळवार, १५ जुलै. लातूरहून परत.
व्हॉट्सॲपवर अंगठे तर ढीगभर आले होते. गाडीपाशी आलो आम्ही तिघे. मी, फरीदा आणि डॉ. अश्वजित. अश्वजितची सासुरवाडी लातूरला आहे, तो तिथेच उतरला. असल्या लोकांना घेऊन क्रांती करायची! घाण वाटते.
आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी वेळ दिली. मी आरोग्यावरच्या खर्चाची पार्श्वभूमी मांडायला घेतली. निजामापर्यंत आलो तर चहा आला. बजेटपर्यंत पोचणार, तोच साहेब दुसऱ्या मीटिंगला उठले.
तेवढ्यात फरीदा दारात आडवी आली. "साहेब, फ्रिज चालू आहे, सिस्टर आहे, लाईट आहे. लस तेवढी नाही. पेशंट नांदेडला पाठवते तर निम्मे जातच नाहीत, घरीच बसतात. त्यातला एखादा मरंल, तर मी काय सांगू?"
साहेब म्हणाले, "निधीचं बघावं लागेल. आठवड्यात कळवतो."
मी रचत आणलेली सगळी पार्श्वभूमी तिने एका मिनिटात पाडली. परतताना तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही, पण ती झोपली होती.

सोमवार, २१ जुलै.
लातूरहून काही कळलं नाही. आता निर्वाणीचा निर्णय. आमरण उपोषण!

सोमवार, २१ जुलै. दुपारी.
उज्वलाने शुगरची आठवण करून दिली. साखळी उपोषण. माझी पाळी नाश्ता ते जेवण.

बुधवार, २३ जुलै.
साखळीला एकच कडी आहे, ती मी. बाकीच्यांनी 'सोबत आहोत' लिहून हात जोडलेले पाठवले. मंडपात दिवसभरात एकच माणूस आला. मंडप भाड्याने कितीला मिळतो, विचारत होता. पत्रकार एकही नाही. या शहराचं काही होणार नाही.

शुक्रवार, २५ जुलै.
आज आंदोलनाला चेहरा मिळाला! पांगरवाडीकडचा रामकिशन. शेळ्या राखतो. सकाळी कुत्र्यानं हात फाडला, चांगला खोलवर. सोबत त्याची आई तुळजाबाई. दोघं मोठ्या दवाखान्याकडे निघाले होते. बॅनरवर लसीचं काहीतरी वाचून मंडपात शिरले. म्हणजे बॅनर लागू पडला.
मी जखम साबणानं नीट धुऊन घेतली. डॉक्टर आहे मी. मग खुर्ची दिली, पुढच्या रांगेत, हात दिसेल असा. पत्रकारांना फोन लावले. "येऊन राहिलो सर" म्हणाले.
तुळजाबाई म्हणाली, "सायेब, सुई कवा देता?"
म्हणालो, थोडं थांबा बाई, तुमच्यामुळे सगळ्या तालुक्याला मिळेल.
"तालुक्याचं ऱ्हाऊ द्या. पोराचं बघा की. लई ठणकून राहिलंय त्याला."
दुपार झाली. पत्रकार येऊनच राहिले होते. माझी जेवायची वेळ होत आली, तरी मी हललो नाही. हा त्याग कुणी लिहिणार नाही.
शेवटी फरीदा आली. तुळजाबाईनेच गावी फोन केला होता म्हणे. मंडपात शिरली, हात बघितला, विचारलं, "कधीपासून बसलाय?" तो म्हणाला, "सकाळधरनं."
तिने माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे आंदोलनाचं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, "समोर मेडिकल आहे, सर. तिथं लस मिळते. रस्ता ओलांडायचा होता फक्त."
मी म्हणालो, अगं, विकत आणून दिली तर मुद्दाच संपतो ना!
ती म्हणाली, "मुद्दा संपला तर संपू दे, सर. माणूस राहिला पाहिजे."
दोघांना गाडीत घालून ती मोठ्या दवाखान्याकडे निघून गेली. जाताना तुळजाबाई थुंकली. रस्त्यावर थुंकली, पण तोंड मंडपाकडे होतं. सार्वजनिक स्वच्छतेबद्दल या लोकांना काही वाटतच नाही.
पाच मिनिटांनी पत्रकार आला. रिकाम्या खुर्चीचा फोटो काढू का म्हणाला.

शनिवार, २६ जुलै.
जेवण गेलं नाही. उपोषणाचा परिणाम असावा.
अश्वजित मोठ्या दवाखान्यातच असतो, त्याला सहज फोन करून विचारलं. रामकिशनला लस मिळाली, जखमेत सिरमचं इंजेक्शनही दिलं, पुढचे डोस चुकवू नको म्हणून बजावलंय. म्हणजे वेळेत पोचला. म्हणजे मी थांबवल्यानं काही बिघडलं नाही. हे मी उज्वलाला दोनदा सांगितलं. ती भाजी निवडत होती.

बुधवार, ३० जुलै.
धक्का. सोमवारी फरीदा, तुळजाबाई आणि चार-पाच गावांतले चावलेले लोक एसटीने लातूरला गेले. साहेबांच्या दारासमोर हाता-पायांच्या पट्ट्या सोडून बसले. भाषण नाही, बॅनर नाही. संध्याकाळपर्यंत साहेबांनी लसीचा हुकूम काढला.
अध्यक्षांना साधं कळवलंही नाही. हीच आपल्या समाजाची लायकी.
अर्थात पायाभरणी माझीच. 'समितीच्या लढ्याला यश' अशी बातमी पेपरला पाठवली.

शनिवार, २ ऑगस्ट.
बातमी छापली नाही. त्या जागी केळीच्या भावाची बातमी आहे.
सोमवारी पांगरवाडीत लस सुरू होणार. उद्घाटन मलाच करावं लागेल, दुसरं कोण आहे? रिबन, कात्री, पेढे घेतले. भाषण लहान ठेवणार. निजाम वगळला.

सोमवार, ४ ऑगस्ट. पांगरवाडीहून येऊन.
पोचलो तर दवाखाना केव्हाच चालू. मांडव नाही, माईक नाही. व्हरांड्यात बाया-माणसांची रांग. फरीदा एका मुलीच्या पोटरीची जखम बघत होती. तिने मान वर केली, "या सर" म्हणाली आणि परत जखमेत डोकं घातलं.
मी रिबन बांधायला दोन खांब शोधले. खांबांना माणसं टेकली होती. मग सरळ दारापाशी जाऊन उभा राहिलो, कात्री हातात.
आत सिस्टर पंचशीला लस भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, कुठं चावलंय?"
म्हणालो, मी अध्यक्ष.
"हाव, पण चावलंय कुठं?"
म्हणालो, कुठंच नाही.
"मग जरा बाजूला व्हा की. मागं लई लोक हायेत."
मी बाजूला झालो.