मधल्या खोलीतला पिवळा उजेड

नाना, मधल्या खोलीतला तुमचा शेवटचा बल्ब गेला. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते ना, त्यांतला हा शेवटचा. बाकीच्या घरातले बल्ब धाकट्याने केव्हाच बदलले. इंदूरहून येताना तो पिशवीभर एलईडी घेऊन आला आणि स्टुलावर चढून स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, सगळीकडे लावून मोकळा झाला. "नानांच्या बल्बवर चहा उकळेल ताई, उजेड कमी अन् शेक जास्त," म्हणाला. खोटं नव्हतं ते. विजेचं बिल उतरलं, उन्हाळ्यात पोळ्या लाटताना डोक्यावर धग यायची ती गेली. तुम्हालाही आवडलं असतं. तुम्ही जळता बल्ब काढताना पंचा हाताला गुंडाळायचात. हा नवा नुसत्या हाताने निघतो. पण मधली खोली मी त्याला करू दिली नाही, कारण तिथे आई बसते. घर सांभाळतेस की म्युझियम, असं तो विचारत राहिला आणि मी ट्रंकेतून एकेक बल्ब काढत राहिले.

आईचं तुम्हाला सांगायला हवं. ती आता बरंच विसरते. मला कधी ओळखते, कधी नाही. सकाळी जेवली की नाही हे तिला सांगता येत नाही, पण आपलं घर ती ओळखते, आणि ते मुख्यतः संध्याकाळी ओळखते. दिवेलागणीला मी मधल्या खोलीचं बटण दाबते, ती मान वर करून बल्बकडे बघते, दोन्ही हात जोडते. मग माझ्या पदराचं टोक मुठीत धरते आणि म्हणते, "दिवे लागले. बस आता घरात." कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी सोडत नाही. शेजारणीला बसवून बाहेर पडले तर दारापर्यंत येते, उंबऱ्यावर बसून राहते. म्हणून मी संध्याकाळी बाहेर पडणंच सोडलं. किती वर्षं झाली, मोजलं नाही.

हे वाक्य मुळात तुमचं, नाना. मला तो दिवस आठवतो. कॉन्व्हेंट शाळेचं वार्षिक संमेलन जवळ आलेलं, तिथल्या सिस्टरांनी मला नाटकात घेतलेलं, इंग्रजी नाटक, आणि त्यात मला चांगली लांब भाषणं होती. तालीम लांबली. मी गल्लीत शिरते तेव्हा घराघरातून बल्ब लागलेले आहेत, व्होल्टेज इतकं उतरलेलं की आतली तार विडीच्या टोकासारखी लाल दिसते आहे. तुम्ही मधल्या खोलीत बल्बखाली उभे आहात. मिलमधून आल्यावर कपडेसुद्धा बदललेले नाहीत. आवाज चढवत नाही तुम्ही, कधीच चढवला नाहीत. "दिवे लागले, दिसलं नाही का?" एवढंच. आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना सांगितलं, मला जमणार नाही. त्यांनी माझी भाषणं दुसरीला दिली आणि मी पडद्यामागे बसून तिला शब्द सांगितले. संमेलन दुपारी होतं, त्यामुळे त्याला तुम्ही हरकत घेतली नाहीत.

आणि तरी तुमच्यावर रागावून बसता येत नाही, कारण त्याच वर्षी तुम्ही माझ्या कोपऱ्यात शंभरचा बल्ब लावलात. साऱ्या घरात चाळीसचे, देवघरात तर त्याहून बारका, आणि माझ्या टेबलावर शंभरचा. आईने विचारलं, एवढा कशाला? तुम्ही म्हणालात, पोरीचे डोळे जायला नकोत. पुढे सगळं तसंच झालं. मला बाहेर धाडलं नाहीत, पण घरात माझ्यासाठी उजेड वाढवत गेलात. इंदूरच्या कॉलेजातली नोकरी आली तेव्हा नको म्हणालात आणि मला टेबलफॅन आणून दिलात. मग मी माझ्याच शाळेत शिकवायला लागले, उन्हं असताना घरी परतता येईल अशी नोकरी. स्थळं येत होती तोवर आली. पुढे तुम्ही आजारी पडलात. आता आई.

तर शेवटचा बल्ब गेला, तेव्हा मी तुम्ही करायचात ते केलं. बल्ब काढून कानाशी हलवला. तार तुटल्याचं किणकिणलं. मग खिडकीशी धरून हळूहळू कलता करत राहिले, तुटलेलं टोक दुसऱ्या टोकावर जाऊन टेकेपर्यंत, आणि श्वास रोखून होल्डरमध्ये बसवला. लागला, नाना. तुम्ही म्हणायचात तसाच, जुळलेला बल्ब आधीपेक्षा जास्त लखलखतो. आणि तुम्ही म्हणायचात तसाच तो टिकला नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्या आणि काच काळी पडली. बाजारात विचारलं, कुणाकडे जुने बल्ब नव्हते. शेवटी धाकट्याच्या पिशवीतला उरलेला एलईडी लावला. पांढरा.

बटण दाबलं आणि आईने हात जोडले नाहीत. ती खोलीभर बघत राहिली, भिंतींकडे, स्वतःच्या हातांकडे. मग मला म्हणाली, "सिस्टर, ह्यांना सुटी कव्हा देणार?" मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, जळगावच्या दवाखान्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड असाच होता. तुमच्या खाटेशी स्टुलावर ती बसून असायची, रात्रंदिवस तोच पांढरा उजेड. मी म्हटलं, आई, मी आहे, हे आपलं घर. ती रडायला लागली. "थट्टा नका करू बाई. डॉक्टरांना विचारा ना. आमची पोर घरी एकटी आहे." नाना, ती पोर मी. मी तिच्यासमोर उभी होते आणि ती माझ्यासाठी रडत होती.

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, डॉक्टरांनी सुटी दिली, तुमचे यजमान पुढे गेलेत, चला. तिच्या निऱ्या नीट केल्या, चपला घातल्या, बल्ब बंद केला, दाराला कडी घातली आणि आम्ही दोघी गल्लीत उतरलो. दिवे लागले होते, आणि मी बाहेर होते. ती माझ्या दंडाला धरून चालत होती, रडणं केव्हाच थांबलं होतं. शनवाऱ्याच्या जुन्या वेशीच्या दरवाज्यापर्यंत गेलो. बहादरपूरकडून केळीच्या गाड्या येत होत्या. हलवायाच्या कढईपाशी तिने वास ओळखला, मी मावा जलेबी घेतली. "ह्यांना गोड चालत नाही, तू खा," म्हणाली आणि स्वतःच खाल्ली. शाळेतली एक जुनी सोबतीण भेटली, ती मला बघून थबकली. "तू? या वेळी? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा," म्हणाली, आणि आम्ही रस्त्यात उभ्या राहून कितीतरी वेळ बोललो. परत आल्यावर मी बल्ब लावला नाही, देवापुढचं निरांजन लावलं. तेवढ्या उजेडात आईने कोनाडा ओळखला, तुमचा फोटो ओळखला आणि म्हणाली, "आलो बाई घरी." चार घास जेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पांढरा उजेड, सिस्टर, सुटी, रडणं, आणि मग चपला. मी दुपारपासून साडी काढून ठेवायला लागले. एके दिवशी राजघाटाच्या बाजूने वळून आलो, ताप्तीवरचा वारा लागला तेव्हा आई कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होती, सगळी नावं बरोबर. मी धाकट्याला फोनवर आईचं रडणं सांगितलं, फिरणं सांगितलं नाही. तो काळजीत पडला. म्हणाला, ताई, पिवळा एलईडीसुद्धा मिळतो, विचार तरी. विचारलं. दुकानदार हसला. "पहिलेच बोलायचं ना ताई. वार्म म्हणते त्याले. सेम टू सेम जुन्या बल्बावानी, अन् लाइट खात नाही." त्याने दुकानातच लावून दाखवला. नाना, अगदी तुमचा उजेड. मी घेऊन आले.

त्या संध्याकाळी मी बटण दाबलं. आईने मान वर केली, हात जोडले. चेहऱ्यावरची भीती अशी उतरली की माझे डोळे भरून आले. मला नावाने हाक मारली तिने. मग पदर धरला. "दिवे लागले. बस आता घरात."

मी बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिला बरं वाटतं आहे हे बघत होते आणि बाहेर गल्लीतून माणसं जात-येत होती, ती ऐकत होते. दुकानदार म्हणाला होता, हा जल्दी जाणार नाही ताई, तुम्हाला टेन्शनच नाही. तुमचे बल्ब निदान जायचे. मी वर त्या बल्बकडे बघितलं आणि मला वाटलं, हा माझ्याहून जास्त टिकेल.

धाकट्याचा काल फोन आला होता, मिळाला का पिवळा? मी म्हटलं, नाही रे, बुऱ्हाणपुरात नाही मिळत. तो पुढच्या खेपेला इंदूरहून आणणार आहे. लवकर येणं व्हायचं नाही त्याचं.

ती रडते ते थोडा वेळच, नाना. चपला घातल्या की थांबते. हे मी स्वतःला सांगते तसंच तुम्हालाही सांगते आहे. हा कागद पाठवायचा नाहीच. पांढरा परत बसवला, काढलेला पिवळा बल्ब ह्यात गुंडाळून तुमच्या ट्रंकेत ठेवणार आहे, तुम्ही ठेवायचात तसा, काचेला धक्का लागू नये म्हणून. उन्हं उतरली आहेत. माझी साडी बदलून झाली आहे. आता उठून मधल्या खोलीचं बटण दाबते.