भेगेवरची काच

मंगळवार, १२ मार्च

चि. ढब्यास,

अनेक आशीर्वाद. खात्यात तू मोठा साहेब झालास, तरी मी याच नावाने हाक मारणार. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. भावजयीचा खोकला गेला का?

इकडची बातमी म्हणजे पंपघराच्या दारावर नोटीस लागली. इमारत धोकादायक, पाडून पार्किंग करणार. मी ती वाचली आणि आत जाऊन पंपाला नेहमीसारखं तेल घातलं. बाबांनंतर तो मीच सांभाळते ना. मग किल्ली मागायला तुझ्या खात्याची दोघं आली. त्यांना चहा दिला, किल्ली दिली नाही.

रस्त्याकडच्या कमानीच्या खिडक्या आठवतात? नळ नवे होते तेव्हा लोक त्या पाण्याला नाक मुरडायचे, म्हणून बांधणाऱ्याने त्या मुद्दाम एवढ्या मोठ्या ठेवल्या. कुणीही यावं, पाणी कसं गाळतात ते बाहेरूनच बघावं. बाबा हे पाहुण्यांना इतकं रंगवून सांगायचे की आपण पळ काढायचो. आता त्याच खिडक्यांना पत्रे ठोकले होते. काल मी शिडी लावून ते उचकटले. वॉचमन म्हणाला, "ताई, नोकरी जाईल."

"जाऊ दे," म्हटलं. "तू शिडी धर."

खोटं कशाला बोलू, नोटिशीला जोडलेल्या अहवालाखालची सही मी बघताक्षणी ओळखली. शेवटचं अक्षर लांब ओढायची तुझी खोड गेलेली नाही. फार राग आला, आणि तुझी लाजही वाटली. मागच्या भिंतीची भेग रुंदावते आहे, असं तू लिहिलंस.

त्या भेगेवर बाबांनी तुझ्याच हातून काचेची पट्टी बसवून घेतली होती. भिंत जरा हलली तरी काच तडकते, हे तुला त्यांनीच शिकवलं. ओल्या सिमेंटवर अंगठा दाबलास म्हणून टपलीही खाल्लीस. ढब्या, काच अजून अख्खी आहे. तुझा अंगठाही तिथेच आहे. तू भेगेपाशी गेलाच नाहीस, की जाऊन मान फिरवलीस? दुसरं असेल तर मला कळवू नकोस.

सोमवारी तुझी माणसं येतील. मी भांडणार नाही. काचेशेजारी स्टूल टाकून बसणार आहे. तुझा अहवाल खरा करायचा तर आधी ती काच फोडावी लागेल, आणि तिला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तूच ये. हातोडी बाबांच्या पेटीत आहे, पुसून ठेवली आहे.

तुझ्यासाठी जेवायची थांबते.

किल्ली कमरेला खोचून बसलेली,
तुझी ताई