राखाडी पिल्लाबाबत मेहुण्यांना खुलासा

तांडा, पुसेगावजवळ
श्रावण, २००३

कळमनुरीच्या धनसिंगभाऊंना रूपसिंगचा मनापासून रामराम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे तुमच्या भगिनी अनुसयाबाई ठणठणीत आहेत (आवाजावरून तरी तसंच वाटतं). आमच्या मैनेला तुमच्या राजापासून सहा पिल्लं झाली. ज्याचा कुत्रा, त्याने पहिलं पिल्लू निवडायचं ही आपल्या तांड्याची रीत. त्यासाठी तुम्ही पोळ्याला येणार, म्हणून आधीच खुलासा करतो. पाच पिल्लं बदामी आहेत. सहावं चुलीतल्या राखेच्या रंगाचं निघालं.

सगळा तांडा बघायला लोटला. शेजारच्या उकंडरावांनी, हा रंग आपल्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांत नाहीच, म्हणजे मैनेचं पाऊल घसरलं, असा निकाल देऊन टाकला. त्यांच्या घरी धाकटं लेकरू घाऱ्या डोळ्यांचं निघालं, तेव्हा ते पणजोबांवर गेलं म्हणून याच गृहस्थांनी पेढे वाटले होते. कुत्रीला मात्र पणजोबा नसतात.

त्यातच गोरेगावला श्वानमंडळाचे दोन साहेब जातिवंत कुत्र्यांची नोंद करायला आले. मैनेची अब्रू वाचावी म्हणून मी पिल्लाला हळद फासून बदामी केलं. (जीपमध्ये मैनेने निम्मी चाटून टाकली.) साहेबांनी लग्न कुणाचं आहे म्हणून विचारलं. मग त्यांचंच आपसात जुंपलं. एक म्हणाले, ही विलायती रक्ताची भेसळ. दुसरे म्हणाले, हा रंग रक्तात दडून बसतो, आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लावर दिसतो, पिल्लू अस्सल आहे. पहिल्यांनी टोपी आपटली. शेवटी दोघांचं एकमत झालं ते जेवायला जाण्यावर, आणि पिल्लू बाद. ते पळतं कसं, हे एकानेही विचारलं नाही. ही माणसं सुनासुद्धा अशाच पसंत करत असतील. मला फार राग आला भाऊ, अजून गेलेला नाही.

आता स्पष्ट लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. रंग दोघांकडून आला असला तरी मैनेकडून थोडासाच आला असणार. मुख्य दोष राजाचा. तुमच्या इभ्रतीसाठी मी हे तांड्यात कुणाला बोललो नाही (उकंडराव सोडून).

आपला,
रूपसिंग

ता.क. बदामी पिल्लांतलं कोणतंही निवडा, रीत राहील. राखाडीकडे बघूही नका. ती नामुष्की मी जन्मभर एकटा सोसेन.

ता.क. दुसरा. ते काही विशेष चपळही नाही. परवा कोंबडीमागे सगळ्या भावंडांच्या पुढे गेलं, पण कोंबडीच लंगडी असावी.

ता.क. तिसरा, अनुसयाचा. दादा, चिठ्ठी पेटीत टाकायला माझ्याकडं दिली म्हणून वाचली. हे त्याच पिल्लाला गोधडीत घेऊन झोपून राहिले, अन् मला खाली चटईवर. तुमी येऊन बराबर तेच निवडा. हे रडायला लागले तर यांनाबी संगं घेऊन जा, इकडं कुणाला तकलीफ न्हाई.