अध्यक्ष फक्त घरी ओढतात

३ फेब्रुवारी
साहेबांनी मला ऑफिसच्या तंबाखूमुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. योग्य निवड. शत्रूला आतून ओळखणारा दुसरा आहे कोण? मात्र अध्यक्ष गेटवर, टपरीवर ओढताना दिसणं बरं नव्हे. आजपासून फक्त घरी. म्हणजे जवळजवळ सोडल्यासारखंच.

५ फेब्रुवारी
जिन्याखालचा ॲशट्रे जप्त केला. चांगला जड आहे. घरी आणला. हिशेबनीस म्हणाला, कालपरवापर्यंत माझ्याकडे काडी मागत होतात. त्याच्या नावाची दंडाची पावती फाडली.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
दिवसभराचा कोटा घरी येऊन पुरा करावा लागतो. पद म्हटलं की ताण आलाच. बायकोचा खोकला वाढलाय. पंख्यावरची धूळ. रविवारी पुसणार.

१४ फेब्रुवारी
नव्या पाकिटांवर फुप्फुसाचं चित्र. बघवत नाही. दुकानदाराला म्हटलं, घशाचं चित्र असलेलं दे, माझा घसा उत्तम आहे. तो म्हणाला, घ्या काका निवडून, भाव एकच आहे. हल्ली अदब म्हणून राहिली नाही.

२२ फेब्रुवारी
पंखा पुसला. खोकला तसाच. बहुधा उशीतला कापूस. लेक फोनवर म्हणाली, बाबा, निदान गॅलरीत तरी ओढा. कसा ओढू? समोर कॅशियर राहतो, तो समितीचा सचिव. उलट मी खिडक्याही लावून घेतो. प्रतिष्ठा सांभाळावी लागते.

४ मार्च
ऑफिस तंबाखूमुक्त जाहीर. माझा सत्कार. भाषणात म्हणालो, आपला धूर दुसऱ्याच्या छातीत जातो. टाळ्याच टाळ्या. आनंदात घरी दोन सिगारेटी जास्त झाल्या. हिला भाषण वाचून दाखवलं, तर ऐन रंगात आलं असताना खोकायला लागली. ओघच तुटला.

११ मार्च
उशी बदलली. तरी हिला एक जिना चढवत नाही. वजन कमी कर म्हटलं. म्हणाली, झालंय की.

१३ मार्च
छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे बघून डॉक्टरबाईंनी हिलाच विचारलं, "किती वर्षं ओढताय?"
मला हसू आलं. बाईंना आलं नाही.
"मी नाही ओढत," ही म्हणाली. "मी फक्त घरात असते."
पुढचं त्यांनी मला बाहेर बसवून हिला सांगितलं. बाकावर शेजारच्याने विचारलं, काय झालंय तुम्हाला?
मला काही झालेलं नाही.