एकपायी मडकं आणि गॅसची बटणं

७ मे २००६, रवि. स्लाऊ, इंग्लंड
मी सांगते, नात सई लिहिते. अक्षर माझ्या वाट्याला आलं नाही, जीभ आली.
लेकानं, विनूनं, आज गॅसची चारही बटणं काढून खिशात घातली. एकदा डाळ लागली, छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलला, एवढंच. म्हणे, "आई, आता तू आराम कर." रांधून रांधून याला एवढा केला. आता चहासुद्धा मागून प्यायचा.

९ मे
सईनं म्युझियमला नेलं. तिच्या कॉलेजचा प्रोजेक्ट. पेरू देशातली, फार जुनी, थडग्यांतून निघालेली रांधायची मडकी. एक तर बगळ्यासारखं एका पायावर उभं. बुडाला काजळी. पुरलेल्या बाईच्या शेजारी ठेवलेलं म्हणे.
"आजी, किती स्वीट ना?"
कसलं स्वीट. जन्मभर चूल, मेल्यावरही चूल.
पण ट्रेनमध्ये ते मडकं डोक्यातून जाईना. मेलीलासुद्धा तिचं भांडं देतात. मी जिती आहे आणि माझी बटणं त्या...
(सईनं पुढचं लिहिलं नाही. बापाची बाजू.)

१० मे
विनूला हेच ऐकवलं. "असं अभद्र बोलू नकोस, आई." पुढ्यात मायक्रोवेव्हची खिचडी ठेवली. कडेनं चटका, मध्ये गार. अगदी त्याच्या स्वभावाची.

१३ मे, शनि.
सईनं कॉलेजात तसलंच मडकं घडवून, भाजून आणलंय. काजळी कुठे कुठे धरते ते बघायचंय. मागच्या गार्डनमध्ये लाकडं पेटवली. विनू दारात, हातात पाण्याची बादली.
"बाबा, हा प्रोजेक्ट आहे. आजी प्रोजेक्टमध्ये आहे."
निखाऱ्यात पाय रोवून मडकं उभं केलं, मसूर टाकले. किती दिवसांनी हाताला कांद्याचा वास. उकळी आली आणि मडक्याला तडा. निम्मी आमटी राखेत. रडूच आलं, पण धुराचं निमित्त होतं.
उरलेली विनूनं उभ्यानंच खाल्ली. दोन वाट्या. बादली पायाशी. बटणं खिशातच.

१४ मे
सकाळी ओट्याशी गेले. एक बटण जागेवर. मागचं, धाकट्या बर्नरचं. मुद्दाम लावलं की काल दूध तापवून ते काढायचं विसरला, कोण जाणे. सई म्हणते, बाबांना विचार. विचारलं तर परत खिशात जाईल.
पातेलं चढवलंय. हात बटणावर.
सई, पुरे लिहिणं. जिन्याकडे बघ, उठला का तो.