कोंबडीमागचा दगड

प्रिय कमलिनी,

तू लेकाकडे, आशयकडे नागपूरला गेल्यापासून मी सकाळी जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात जातो. कललेले दगड सरळ करतो, झिजलेली अक्षरं पुन्हा कोरतो. रिटायर झालेल्या हातांना काम मिळालं आहे.

सध्या एक छोटा दगड अडला आहे. त्याच्या आडोशाला तिथले चौकीदार जोसेफ यांच्या कोंबडीनं पिल्लं काढली आहेत. जवळ गेलं की ती पिसं फुलवून अंगावर येते.

“जच्चा है, दादा,” जोसेफ म्हणाले. “पहले इसे खिलाओ. पत्थर कहाँ भागा जा रहा है?”

म्हणून या बाळंतिणीला रोज तांदळाची कणी घालतो. ती आधी पिल्लांना बोलावते, उरेल ते स्वतः टिपते. काल ती खात असताना मी दगड ओला करून पाहिला. आडनाव होतं, त्याआधी नुसतं ‘बेबी’. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं बाळ, तरी त्याला दगड होता.

आपल्या मुलीला मी नाल्याकाठी पुरलं, तेव्हा तू खाटेवरून उठली नव्हतीस. आपल्यात इतक्या लहान बाळावर दगड ठेवत नाहीत. तिथे आता कॉलनी झाली आहे. तिचं नाव तू मनात ठरवलं होतंस. “बारशालाच सांगेन,” म्हणायचीस. नंतर मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

तेच विचारायला लिहायला बसलो. पण हे पत्र टाकणार नाही. संध्याकाळी तुझा फोन येईल. “जेवलात का?” म्हणशील. मी कोंबडीचं सांगेन. पिल्लं सगळी जगली आहेत, एवढंच सांगेन.

तुझा,
सुभाष